गूगलवर मिळालं नाही म्हणजे नेटवर नाही का? वाचनालयाच्या तक्त्यासाठी माहिती हवी

आबोली

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात लोकांसाठी संगणक बसवले आहेत. बसणाऱ्यांची कामं अगदी वेगवेगळी असतात. शाळेची मुलं प्रकल्पासाठी येतात, कॉलेजवाल्यांना संदर्भ हवे असतात, कोणाला एक-चौदाचा (म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा बघायचा असतो, कोणाला कोर्टाचा निकाल, तर कोणी पोर्तुगीज काळातल्या कागदांचा माग काढत असतं. पण टाइप सगळे एकाच चौकटीत करतात, आणि पहिल्या पानावर दिसलं नाही की "नेटवर नाही" म्हणून उठतात.

संगणकांच्या वर भिंतीवर एक तक्ता लावायचा विचार आहे: कुठल्या कामाला कुठलं सर्च इंजिन, आणि त्यात शोधायचं कसं. नुसती नावं नकोत. नावांच्या याद्या पुष्कळ मिळतात, पण डकडकगो आणि बिंग यांत फरक काय, स्कॉलर कधी उघडायचं, हे त्यांतून कळत नाही. मराठीत शोधताना निकाल हिंदीत येतात, त्यावरही काही उपाय असेल तर सांगा.

झुआरीकाठ

आबोलीताई, तक्त्याचा पहिला रकाना "कुठलं इंजिन" असा ठेवू नका. "हा मजकूर कोणाच्या साठ्यात असेल" असा ठेवा. सर्च इंजिन आपण विचारलं त्या क्षणी नेटवर धावत नाही. त्याने आधी पानं गोळा करून, त्यांतले शब्द लावून एक सूची केलेली असते आणि ते त्या सूचीत बघतं. सूचीत जे नाही ते कितीही हुशारीने विचारलं तरी येणार नाही. म्हणून इंजिन निवडायचं म्हणजे साठा निवडायचा.

सर्वसाधारण वेबसाठी नावं खूप दिसतात, पण स्वतःचा मोठा साठा असणारे मोजकेच: गूगल, बिंग, रशियाचं यांडेक्स, चीनचं बायडू. ब्रेव्ह आणि ब्रिटनचं मोजीक यांची सूची स्वतःची आहे, पण त्यांचा पसारा लहान. डकडकगो आणि याहू यांचे निकाल मुख्यतः बिंगच्या साठ्यातून येतात. स्टार्टपेज गूगलचे निकाल तुमची ओळख न देता आणून दाखवतं. त्यामुळे बिंगवर मिळालं नाही म्हणून डकडकगोवर जाण्याने हाती फारसं नवीन लागत नाही. गूगलवर नाही, तर बिंग किंवा ब्रेव्ह बघा. तिथे सूची खरोखर वेगळी असते. डकडकगोचा उपयोग खाजगीपणासाठी. ते शोधांवरून माणसाची नोंद बांधत नाही, आणि सार्वजनिक संगणकाला ही गोष्ट चांगली आहे.

आता हिंदी निकालांचं. लिपी एक असल्यामुळे देवनागरीत दोन-तीन नामं टाकली की इंजिनाला भाषा कळायला आधार राहत नाही, आणि हिंदी पानं संख्येने कितीतरी जास्त. शोधाच्या शेवटी "आहे" किंवा "आणि" असा नुसत्या मराठीत येणारा शब्द जोडा. कोंकणी मजकूर हवा असेल तर "आसा" किंवा "आनी". साधी युक्ती आहे, पण निकालांची पहिली दोन पानं बदलून जातात. त्यानेही भागलं नाही आणि गूगल आपल्या शब्दाऐवजी त्याला वाटतो तो शब्द शोधत राहिलं, तर निकालांच्या वरच्या "टूल्स"मध्ये जाऊन "ऑल रिझल्ट्स"च्या जागी "व्हर्बेटिम" निवडा. मग ते दुरुस्त्या आणि समानार्थी शब्द बाजूला ठेवतं. कोंकणी शब्दांना आणि गावांच्या नावांना हे लागतंच.

अवतरणचिन्हं वापरताना मराठीत एक गोम आहे. अवतरणात टाकलेला शब्द जसाच्या तसा शोधला जातो आणि आपला शब्द विभक्तीने रूप बदलतो. "फोंडा" अवतरणात टाकला तर "फोंड्यात", "फोंड्याला", "फोंड्याचा" ही पानं सुटतात. म्हणून अवतरण वापरायचं ते अख्ख्या वाक्प्रयोगाला किंवा ग्रंथाच्या नावाला. सुट्या नामाला नको.

तक्त्यावर याशिवाय तीनच खुणा लिहा, त्याहून जास्त कोणी लक्षात ठेवत नाही. या खुणांमधले शब्द अर्थात रोमनमध्येच टंकायचे. "साइट", त्याला चिकटून कोलन, आणि जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता: मग त्या एकाच स्थळात शोध होतो. "फाइलटाइप", कोलन, पीडीएफ: मग नुसत्या पीडीएफ येतात, सरकारी परिपत्रकं आणि अहवाल बहुधा याच रूपात असतात. आणि नको असलेल्या शब्दाला चिकटवून वजाचं चिन्ह. जागा सुटली की खूण चालत नाही, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं.

अभ्यासासाठी वेगळी इंजिनं का, ते एका विषयावरच दाखवतो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला माकडताप घ्या, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीझ. हा रोग १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. सत्तरीत तो २०१५पासून आढळतो. गूगलवर "माकडताप सत्तरी" टाका, वर्तमानपत्रांच्या बातम्या येतील. आठवीच्या प्रकल्पाला तेवढं पुरतं. कॉलेजच्या मुलाने गूगल स्कॉलर उघडायचं. त्यात शोधनिबंध, प्रबंध आणि पुस्तकं असतात, आणि प्रत्येक निकालाखाली दोन मोलाचे दुवे. "साइटेड बाय" दाबलं की त्या निबंधाचा आधार घेणारे पुढचे निबंध मिळतात, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या एका निबंधावरून आजपर्यंत येता येतं. "ऑल व्हर्जन्स" दाबलं की त्याच निबंधाच्या इतर प्रती दिसतात. प्रकाशकाकडे पैसे मागणारा निबंध लेखकाच्या विद्यापीठाच्या भांडारात पुष्कळदा फुकट ठेवलेला असतो. पीडीएफचा दुवा उजव्या कडेला येतो, तिकडे नजर टाकायची सवय लावा.

नर्सिंग आणि फार्मसीच्या मुलांना मात्र स्कॉलरवर थांबवू नका. पबमेड अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं आहे आणि त्यातल्या बहुतेक नोंदींना ठरावीक विषयशब्द लावलेले असतात. निबंधात रोगाचं नाव कसंही लिहिलेलं असो, विषयशब्दाने शोधला की तो सापडतो. डाव्या बाजूला "फ्री फुल टेक्स्ट"वर खूण केली की पूर्ण वाचायला मिळतील तेवढेच उरतात. एरवी पबमेडवर फक्त सारांश असतो. तो वाचून संपूर्ण निबंध वाचल्यासारखा संदर्भ देणं ही चूक फार होते.

भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध "शोधगंगा"वर असतात. ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं भांडार. तिथे प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते, म्हणून "दुसरं प्रकरणच आहे, बाकी कुठे" असं वाटू शकतं; त्याच पानावर खाली सगळी यादी असते. मराठी प्रबंध पुष्कळ वेळा स्कॅन केलेले किंवा जुन्या फाँटातले असतात. त्यांचा आतला मजकूर शोधात येत नाही. तिथे शीर्षकावरून, मार्गदर्शकाच्या नावावरून, किंवा विद्यापीठ आणि मग विभाग असं उतरत जाऊन शोधावं. समुद्र, खाड्या, मांडवी-झुआरीचं पाणी असा विषय असेल तर दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं स्वतःचं भांडार आहे, तिथे सरळ जा.

वुल्फ्रामअल्फा हे खरं तर पानं शोधणारं इंजिन नाही. ते गणित सोडवतं, एककं बदलतं, आलेख काढतं. बारावीच्या मुलांना दाखवून ठेवा.

कुळागर

झुआरीकाठबाब यांनी साठ्याचा मुद्दा मांडला, त्यात एक भर. तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना जे हवंय ते कुठल्याच सर्वसाधारण इंजिनाच्या सूचीत नसतं. एक-चौदाचा उतारा, कोर्टातल्या खटल्याची स्थिती, मतदारयादीतलं नाव, या गोष्टी अर्ज भरल्यावर डेटाबेसमधून त्या क्षणी तयार होतात. इंजिनाचा गोळा करणारा प्रोग्राम अर्ज भरत बसत नाही. तक्त्यावर यांच्यासाठी वेगळा भाग करा आणि मथळा ठेवा: "इथे गूगल करू नका, थेट जा."

एक-चौदासाठी गोव्याच्या भूमी अभिलेख खात्याचं स्थळ. तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि उपविभाग अशा चार गोष्टी लागतात. लोक अडतात ते दोन ठिकाणी. जमीन शहरी भागात असेल तर तिथे सर्व्हे नंबर नसतो, पी. टी. शीट नंबर आणि चलता नंबर लागतो, आणि कागदही एक-चौदा नसून मिळकतीचं कार्ड असतं. दुसरं, जुन्या विक्रीपत्रावर जमीन नोंदणीतला "देस्क्रिसांव"चा क्रमांक आणि महसुलातला "मात्रीझ"चा क्रमांक असतो. हे पोर्तुगीज पद्धतीच्या नोंदवह्यांतले क्रमांक. सर्व्हे नंबरच्या चौकटीत ते टाकले तर काही मिळत नाही किंवा भलत्याचीच जमीन समोर येते. विक्रीपत्रात पुढे सर्व्हे नंबर दिलाय का ते आधी शेवटपर्यंत वाचून बघायला सांगा, बहुधा परिशिष्टात असतो.

कोर्टाचं दोन प्रकारचं काम असतं आणि त्यांना दोन वेगळी ठिकाणं. "माझ्या खटल्याची पुढची तारीख कधी" यासाठी ई-कोर्ट्स. खटल्याला मिळालेला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असेल तर तेवढाच पुरे. नसेल तर पक्षकाराचं नाव आणि वर्ष. नाव इंग्रजी स्पेलिंगने शोधलं जातं आणि आपल्याकडे एका आडनावाची स्पेलिंगं दोन-तीन असतात, म्हणून आडनावाची पहिली काही अक्षरंच टाका. "असा मुद्दा पूर्वी कोर्टाने कसा ठरवला" यासाठी इंडियन कानून. त्यात निकालपत्रांचा संपूर्ण मजकूर शोधता येतो. त्याच्या खुणा जरा वेगळ्या आहेत: "अँड", "ऑर", "नॉट" हे रोमन कॅपिटलमध्ये आणि शेवटचं अक्षर दोनदा लिहायचं. एकदाच लिहिलं तर ते साधे शब्द समजले जातात. गोव्यातले उच्च न्यायालयाचे निकाल मुंबई उच्च न्यायालयाखाली येतात हे विसरू नका. "गोवा उच्च न्यायालय" असं शोधणारे पुष्कळ आहेत.

गोवा सरकारचं राजपत्र सरकारी मुद्रणालयाच्या स्थळावर पीडीएफ रूपात मिळतं. ते दर गुरुवारी निघतं, त्याच्या तीन मालिका असतात आणि अंकांची गणती एप्रिलपासून नव्याने सुरू होते. म्हणजे फेब्रुवारीतली अधिसूचना आदल्या एप्रिलपासून मोजलेल्या अंकांत सापडणार. कायदे-नियम पहिल्या मालिकेत बघा. कोमुनिदादींच्या (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांच्या) सूचना आणि खाजगी नोटिसा तिसऱ्या मालिकेत. मधल्याच कुठल्या दिवशी काही निघालं असेल तर तो जादा अंक, त्याची फाइल वेगळी असते.

पोर्तुगीज काळातल्या गोष्टींचा शोध हा गोव्यात सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत फळ देणारा. गावाचं नाव आजच्या स्पेलिंगने टाकून थांबलात तर हाती थोडंच लागेल. पणजी त्या कागदांत पांजी, पांगीं अशा रूपांत येते, आणि १८४३मध्ये राजधानी झाल्यावर नोव्हा गोवा. तिसवाडीला इल्यास म्हटलेलं असतं, साष्टीला साल्सेत, बारदेशला बार्देझ. पोर्तुगीज भाषेचं शुद्धलेखनही १९११मध्ये बदललं. त्याआधीच्या छपाईत फार्मासिया "पीएच"ने सुरू होतो, नंतर "एफ"ने. त्यामुळे १९००चं काही शोधायचं तर जुनं स्पेलिंग घ्यावं लागतं. अठराव्या शतकातल्या पुस्तकांत लांब "एस" हे अक्षर "एफ"सारखं दिसतं आणि गूगल बुक्सचं यंत्र ते बऱ्याचदा "एफ"च वाचतं. शब्द सापडत नसेल तर त्यातल्या "एस"च्या जागी "एफ" टाकून बघा. विचित्र वाटेल, पण सापडतं.

या शोधासाठी साठे असे: लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल विभाग, तोर्रे दो तोंबू या पोर्तुगालच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची, इंटरनेट अर्काइव्ह आणि गूगल बुक्स. अभिलेखागारांच्या सूचीत कागदाचं फक्त वर्णन शोधलं जातं, आतला मजकूर नाही. तिथे माणसाचं नाव शोधण्यापेक्षा खातं आणि साल धरून जावं. आणि नेटवर नाही म्हणजे कुठेच नाही असंही नाही. पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात आणि पुराभिलेख खात्यात कितीतरी कागद आहेत जे कुठल्याच इंजिनाला दिसत नाहीत. तक्त्यावर या दोन्ही ठिकाणांचे पत्ते जरूर लिहा.

दीपस्तंभ

वरच्या दोन्ही उत्तरांत दोन गोष्टी राहिल्या: फोटो आणि एआय.

फोटोचा शोध दोन प्रकारचा असतो. टिनआय तोच फोटो आणखी कुठे आहे ते शोधतं. गूगल लेन्स त्या फोटोत काय आहे ते ओळखतं आणि तसलेच दुसरे फोटोही दाखवतं. व्हॉट्सॲपवर "आपल्याकडचा पूर" म्हणून आलेला फोटो जुना किंवा भलतीकडचा आहे का हे बघायचं तर टिनआय उघडा आणि निकाल "ओल्डेस्ट"प्रमाणे लावा. ती तारीख टिनआयला तो फोटो पहिल्यांदा दिसला त्या दिवसाची असते, काढल्याची नव्हे. तरी फोटो त्या दिवसाआधीचा आहे एवढं सिद्ध होतं आणि बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं. इमारत किंवा जागा ओळखायची तर लेन्स, आणि ते चुकलं तर यांडेक्सचा फोटोशोध. फोटोवर कोणी मजकूर चिकटवलेला असेल तर तो भाग कापून मग टाका. उलटा करून फिरवलेले फोटोही असतात, म्हणून सापडला नाही तर आरशासारखा आडवा पलटून पुन्हा एकदा शोधा. फाइलच्या माहितीत तारीख बघू नका. व्हॉट्सॲप ती माहिती काढून टाकतं.

गायब झालेल्या पानांसाठी वेबॅक मशीन. त्यात विषय टाकून शोधण्यात अर्थ नाही, पानाचा पत्ता लागतो. सरकारी स्थळ नवं झालं आणि जुना दुवा तुटला की तो तुटका पत्ताच तिथे टाकायचा. गूगल पूर्वी पानाची साठवलेली प्रत दाखवायचं, ती सोय २०२४मध्ये बंद झाली.

एआयच्या उत्तरांबद्दल तक्त्यावर ठळक लिहा, कारण मुलं आता तेच आधी वाचतात. पर्प्लेक्सिटी, चॅटजीपीटीचा शोध, गूगलच्या निकालांवर येणारा सारांश, ही सगळी पानं शोधून त्यांवरून वाक्यं रचतात. रचलेलं वाक्य सफाईदार असतं, पण दिलेल्या दुव्यात ते विधान असेलच असं नाही. विषय जितका स्थानिक, तितकी पानं कमी आणि चुका जास्त. गोव्यातल्या एखाद्या देवळाचा इतिहास किंवा कोमुनिदादीचा नियम विचारला तर दुसऱ्याच गावाचं त्यात मिसळलेलं मिळू शकतं. अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची आणि निबंधांची नावंसुद्धा ती देतात. तपासणी सोपी आहे: दिलेलं शीर्षक अवतरणात घालून स्कॉलरवर टाका. तिथे नाही आणि ग्रंथालयांच्या सूचीतही नाही, तर तो संदर्भ प्रकल्पात लिहायचा नाही.

यांचा उपयोग आहे तो योग्य शब्द मिळवण्यासाठी. "माकडताप"ला वैद्यकात काय म्हणतात, "मुंडकार" कुठल्या कायद्यात येतो, वारसाहक्काच्या जुन्या कागदाला पोर्तुगीजमध्ये काय शब्द होता, हे विचारा आणि मिळालेला शब्द घेऊन खऱ्या साठ्यात जा. नुसते दुवे हवे असतील तर गूगलच्या निकालांवर "वेब" हा पर्याय निवडायचा. तो "मोअर"मध्ये दडलेला असतो.

संगणक सामायिक आहेत, तेव्हा ब्राउझर पाहुण्यांच्या मोडमध्येच उघडेल असं करा. नाहीतर एकाचं खातं चालू राहतं आणि पुढच्याला त्याच्या सवयीचे निकाल दिसतात. मुलांसाठी सेफसर्च (अश्लील निकाल गाळणारी सोय) प्रत्येक संगणकावर लावत बसू नका, कोणीही बंद करू शकतं. राउटरवर डीएनएसमध्ये (स्थळाचं नाव त्याच्या पत्त्याशी जोडणाऱ्या व्यवस्थेत) गूगलचा पत्ता "फोर्ससेफसर्च.गूगल.कॉम"कडे आणि बिंगचा "स्ट्रिक्ट.बिंग.कॉम"कडे वळवा, मग ते ब्राउझरमधून बदलता येत नाही. राउटरला तशी सोय नसेल तर निदान डीएनएस १.१.१.३ आणि १.०.०.३ द्या, अश्लील आणि घातक स्थळं त्याने अडतात.

आबोली

देव बरें करूं सगळ्यांचं. तक्त्याचे आता दोन भाग करते, "साठा" आणि "थेट जा".

आणखी एक विचारू का? वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका, नाट्यमहोत्सवांचे अंक, वार्षिक अहवाल असं सगळं स्कॅन करून एका संगणकावर पीडीएफमध्ये ठेवलंय. बहुतेक मराठी, थोडं कोंकणी, काही पानं पोर्तुगीज. काही अंक थेट छपाईवाल्याकडून पीडीएफमध्ये मिळालेत. विंडोजच्या शोधात फाइलचं नाव मिळतं, आतलं काहीच नाही. हे नेटवर टाकायचं नाहीये, वाचनालयातच शोधता यायला हवं.

शिरोरेषा

आधी तुमच्या पीडीएफचे तीन ढीग करा. एकेक फाइल उघडून माउसने एक ओळ निवडायची आणि नोटपॅडमध्ये चिकटवायची. काहीच निवडलं जात नसेल तर ते नुसतं चित्र आहे. नीट देवनागरी आलं तर उत्तम, त्याला हात लावू नका. आणि चिकटवल्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसला तर तो श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटातला मजकूर आहे. छपाईवाल्याकडून आलेले अंक बहुधा याच ढिगात पडतील. पडद्यावर ते मराठी दिसतात, पण आत अक्षरांचे संकेत रोमनचे असल्यामुळे कुठल्याही इंजिनाला मराठी शब्द सापडत नाही.

पहिल्या आणि तिसऱ्या ढिगाला अक्षरओळख लागते. टेसरॅक्ट हे फुकटचं इंजिन आणि त्यावर बेतलेलं "ओसीआर-माय-पीडीएफ" घ्या. ते मूळ पानाच्या चित्रामागे मजकुराचा अदृश्य थर घालतं, पान दिसायला तसंच राहतं. भाषेच्या जागी मराठी आणि इंग्रजी असं दोन्ही द्या, अधिकचं चिन्ह मध्ये घालून. कोंकणी पानांना मराठीचाच डेटा किंवा टेसरॅक्टचा नुसत्या देवनागरी लिपीचा डेटा चालतो. पोर्तुगीज पानांची फाइल वेगळी काढून त्या भाषेने चालवा. तिन्ही भाषा एकदम दिल्या तर वेळही लागतो आणि चुकाही वाढतात. तिसऱ्या ढिगाला "फोर्स-ओसीआर" हा पर्याय हवाच, नाहीतर आत आधीच मजकूर आहे म्हणून प्रोग्राम काम नाकारतो.

स्कॅन ३०० डीपीआयचा असावा. त्याहून कमी असेल तर काना-मात्रा आणि अनुस्वार गळतात. खिळेछपाईच्या जुन्या अंकांत शिरोरेषा तुटलेली असते, तिथे एका शब्दाचे दोन होतात. "घ-ध", "भ-म", "ब-व" यांची अदलाबदलही ठरलेली. तिरकी पानं सरळ करण्याचा "डेस्क्यू" पर्याय चालू ठेवा, त्याने बराच फरक पडतो. तरी शंभर टक्के बरोबर मजकूर येणार नाही. शोधायला तेवढा नेमकेपणा लागतही नाही, कारण एखादं नाव एका अंकात चार ठिकाणी असेल तर त्यातलं एक तरी नीट वाचलं जातं.

शोधायला विंडोजवर डॉकफेचर घ्या. फुकट आहे. फोल्डर दाखवला की तो सूची बांधतो आणि निकालात मजकूर बाजूलाच दिसतो. मराठी विभक्ती त्याला कळत नाही, म्हणून शब्दाचा न बदलणारा भाग लिहून पुढे तारांकन द्यायचं: "फोंड*" लिहिलं की फोंडा, फोंड्यात, फोंड्याचा सगळे येतात. नुसत्या फाइलच्या नावावरून झटकन शोधायचं तर "एव्हरीथिंग" हा छोटा प्रोग्राम आहे, पण तो आतला मजकूर बघण्यासाठी नाही.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे डोळ्यांसमोर असलेला शब्द सापडत नाही. "दुसऱ्या" आणि "दुसर्‍या" हे दोन शब्द दिसायला सारखे, पण संगणकाला वेगळे. पहिल्यात "ऱ" हे स्वतंत्र अक्षर आहे; दुसऱ्यात साधा "र", हलन्त आणि एक न दिसणारा जोडक. कुठल्या कळफलकाने टंकलं त्यावर ते ठरतं. "ॲ" आणि "अॅ" यांचंही तेच. एकाने सापडलं नाही तर दुसऱ्या पद्धतीने टाकून बघायचं. अंकांचंही बघा, "१९६१" आणि रोमन अंकांतलं तेच साल साधा शोध वेगळं समजतो.

पुढेमागे कोणी जाणकार तुम्हाला स्वतंत्र शोधपान करून देणार असेल तर त्याला सांगा, ल्युसीन किंवा इलास्टिकसर्च वापरताना "इंडिक नॉर्मलायझेशन" आणि "हिंदी नॉर्मलायझेशन" हे दोन फिल्टर लाव. ते वरची रूपं एक करतात, न दिसणारे जोडक काढतात, ऱ्हस्व-दीर्घही एकच मानतात. त्यामुळे "दिन" शोधल्यावर "दीन"ही येईल, पण जुन्या अंकांतलं शुद्धलेखन बघता हे सोयीचंच. "हिंदी स्टेमर" मात्र लावू देऊ नका. तो हिंदीचे प्रत्यय कापतो आणि मराठी शब्दांचे चुकीचे तुकडे करतो.

कुळागर

शिरोरेषा यांच्या उत्तराला जोडून: वाचनालयाची पुस्तकसूची "कोहा" या ग्रंथालयांसाठीच्या प्रोग्रामवर असेल किंवा करणार असाल, तर तीही तपासा. कोहाबरोबर येणारं झेब्रा हे शोधइंजिन मूळ मांडणीत रोमन लिपी धरून चालतं. देवनागरी नोंदींसाठी त्याची सूची "आयसीयू" या सगळ्या लिप्या ओळखणाऱ्या पद्धतीवर न्यावी लागते आणि नंतर संपूर्ण सूची नव्याने बांधावी लागते. हे केलं नाही तर नोंद आत असते, पुस्तक कपाटात असतं, आणि शोधात "काही सापडलं नाही" येतं. बसवून देणाऱ्याला पैसे चुकते करण्याआधी त्याच्यासमोर एक मराठी शीर्षक, एक कोंकणी शीर्षक आणि "ऱ्या" असलेला एक शब्द शोधून बघा.